यंत्राचें काम यंत्रानें करावें

माणसाचे श्रम वांचावेत म्हणून संगणक निर्माण झाला, असें आपण समजतों. परंतु युनिक्स पद्धतीच्या यंत्रावर एखादा नवा प्रोग्राम बसवूं पाहणारास कित्येकदां उलटाच अनुभव येतो. यंत्र स्वस्थ बसतें आणि माणूस राबतो!

गेल्या वर्षीं आमच्या ग्रंथालयाची यादी संगणकावर ठेवण्याचें ठरलें. लिनक्सवर चालणारा एक मोफत प्रोग्राम मिळाला व दोन विद्यार्थ्यांनीं तो बसविण्याचें काम उत्साहानें अंगावर घेतलें. सोबतच्या सूचनापत्रांत अकरा पायऱ्या होत्या. नवा वापरकर्ता निर्माण करा, नमुन्याच्या फाईलची नक्कल करून तींत चार ठिकाणीं पत्ते बदला, नोंदींच्या डिरेक्टरीची मालकी बदला, इत्यादि. यांपैकीं मालकीची पायरी मुलांच्या नजरेंतून निसटली. प्रोग्राम सुरू होई आणि चकार शब्द न काढतां बंद पडे. अशा तीन संध्याकाळी गेल्या. चौथ्या दिवशीं त्यांतील एकजण मान खालीं घालून म्हणाला, "सर, माझ्या डोक्यांत हें शिरणार नाहीं."

आम्हांस वाईट वाटलें तें या वाक्याचें. दोष त्याच्या बुद्धीचा नव्हता. जी आज्ञा एका ओळींत लिहितां येते, ती प्रोग्रामकर्त्यानें स्वतः लिहून ठेवली नव्हती, इतकेंच.

हें दुखणें जुनें आहे, आणि त्यावरील औषधही जुनेंच आहे. युनिक्सचा जन्म १९६९ सालीं बेल प्रयोगशाळेंत झाला. तेथेंच एका सहकाऱ्याची सारी सकाळ, दुरुस्त केलेली फाईल पुन्हां कंपाईल करावयाची राहिल्यामुळें, निर्दोष प्रोग्रामांत चुका शोधण्यांत वायां गेली. हें पाहून स्टुअर्ट फेल्डमन यांनीं १९७६ सालीं 'मेक' हें साधन रचलें. काय बदललें व काय पुन्हां करावयास हवें, हें तें स्वतः ठरवितें. पुढें १९९१ सालीं डेव्हिड मॅकेन्झी यांनीं 'ऑटोकॉन्फ' आरंभिलें. त्यायोगें यंत्रायंत्रांतील भेद तपासण्याचें काम यंत्राकडे गेलें. १९९३ सालीं सुरू झालेल्या डेबियनच्या संचांत तर, फाईली जागीं पडल्यावर उरलेली मांडामांड करणारी आज्ञावलीही सोबत देतां येते. मग अकरा पायऱ्या माणसाच्या माथीं कां?

कोणी म्हणेल, हातानें केल्यावांचून विद्या येत नाहीं. खरें आहे, परंतु अर्थ न कळतां आज्ञा उतरवून काढणें ही विद्या नव्हे, ती हमाली होय. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. 'रूट'चे सर्वाधिकार घेऊन मुकाट्यानें यंत्रांत फेरफार करणारी आज्ञावली धोक्याची असते. म्हणूनच आमचें म्हणणें असें कीं, तिनें काय करणार तें आधीं सांगावें. सांकेतिक शब्द कोणता, नोंदी कोठें ठेवावयाच्या, असे माणसानेंच ठरवावयाचे प्रश्न तेवढे विचारावेत; आणि एखादी पायरी फसल्यास तेथेंच थांबून तिचें नांव सांगावें.

पांचव्या दिवशीं चूक सांपडली. त्यानंतर त्याच दोघांनीं अकराही पायऱ्या एका आज्ञावलींत लिहून काढल्या. दुसऱ्या संगणकावर तोच प्रोग्राम बसविण्यास कांहीं मिनिटेंच पुरलीं. 'डोक्यांत शिरणार नाहीं' म्हणणाऱ्या मुलानेंच तिचा मोठा भाग लिहिला होता, हें मुद्दाम सांगतों.

पालकांस आमची विनंति एवढीच कीं, मूल 'मला येत नाहीं' म्हणेल तेव्हां त्याला बोल लावण्यापूर्वीं समोरची सूचना वाचून पाहावी. आणि विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यांतील कित्येक उद्यां इतरांसाठीं प्रोग्राम लिहितील. तुमची एक संध्याकाळ खर्ची पडून हजार अनोळखी माणसांच्या संध्याकाळी वांचत असतील, तर ती अवश्य खर्च करा. शेजारधर्म म्हणतात तो याहून निराळा नाहीं.