नैरोबीला जाताना 'नको'ची यादी घरी ठेवा

एखादी बाई एकटी, किंवा दोघीतिघी मिळून, नैरोबीला जाणार असे कळले की सल्ल्यांचा पाऊस सुरू होतो. अंधार पडल्यावर बाहेर पडू नका. पायी फिरू नका. तिथल्या मातातूत बसू नका. बाजारात जाऊ नका. अंगभर कपडे घाला. विमानतळावरून थेट हॉटेल, हॉटेलातून थेट जीप, जीपमधून सिंह-जिराफ पाहा आणि परत या. प्रवासी कंपन्यांची माहितीपत्रके, इंटरनेटवरच्या सूचना आणि नात्यातली वडीलधारी मंडळी, एरवी कशावर एकमत होत नाही, यावर होते.

मैत्रिणींनो, ही यादी तुम्हाला ओळखीची वाटत नाही का? गावाचे नाव बदलून पाहा. वयात आल्यापासून आपण ती ऐकत आलो आहोत. धोका रस्त्यावर आहे, म्हणून बाईने रस्ता सोडावा. रस्ता सुधारायची जबाबदारी कुणाचीच नाही. मी नैरोबी पायी फिरले, मातातूतून फिरले, आणि माझे मत असे झाले की 'नको'च्या यादीने आपले दुहेरी नुकसान होते. सावधगिरी कशी बाळगावी हे ती धड सांगत नाही, आणि त्या शहरातले सर्वांत पाहण्याजोगे जे आहे तेच लपवते. ते म्हणजे तिथल्या बायकांनी रस्त्यावर मांडलेला हक्क.

नैरोबी आपल्या चळवळीला परकी नाही. मेक्सिको (१९७५) आणि कोपनहेगन (१९८०) नंतर संयुक्त राष्ट्रसंघाची तिसरी जागतिक महिला परिषद जुलै १९८५ मध्ये इथेच भरली. सरकारी प्रतिनिधी केन्याटा आंतरराष्ट्रीय परिषद केंद्राच्या उंच गोल इमारतीत बसले. तिथून पायी जाण्याच्या अंतरावर, नैरोबी विद्यापीठाच्या आवारात, जगभरच्या संघटनांच्या सुमारे १४,००० बायका जमल्या. हिरवळीवर शांततेचा तंबू उभारला होता. ज्यांची सरकारे एकमेकांशी बोलत नव्हती, अशा देशांतल्या बायका त्यात समोरासमोर बसून बोलल्या. १९८४ साली बंगळूरच्या बैठकीतून उभा राहिलेला 'डॉन' हा तिसऱ्या जगातील स्त्रियांचा गट आपली मांडणी घेऊन तिथे गेला होता. विकासाच्या नावाखाली गरीब बाईच्या पदरात नेमके काय पडते, हा प्रश्न आपल्या भागातल्या बायकांनी तिथे ठणकावून विचारला. तेव्हा फिरण्याची सुरुवात या गोल इमारतीपासून करा.

विद्यापीठाच्या कडेने हॅरी थुकू रस्ता जातो. वसाहतीच्या काळात आफ्रिकी कामगारांच्या पिळवणुकीविरुद्ध, बायकांना मारूनमुटकून मळ्यावर राबवण्याविरुद्ध हॅरी थुकू बोलत असे. मार्च १९२२ मध्ये त्याला अटक झाली, आणि १६ मार्चला पोलीस ठाण्यासमोर मोठा जमाव जमला. पुढारी आत जाऊन अधिकाऱ्यांना भेटून आले आणि लोकांना घरी जा म्हणू लागले. पुरुष पांगायला लागले. तेव्हा मेरी मुथोनी न्यांजिरू नावाची बाई पुढे झाली. तिने आपले वस्त्र वर उचलले आणि पुरुषांना सुनावले, की माझा झगा तुम्ही घ्या आणि तुमची विजार मला द्या. बायकांनी एकच गलका केला, जमाव पुढे सरकला, गोळीबार झाला. पहिल्या बळींमध्ये मुथोनी होती. सरकारी आकडा २१ मृतांचा होता. प्रत्यक्षात कितीतरी अधिक माणसे मेली असे मानले जाते. रस्त्याला नाव पुढाऱ्याचे मिळाले. आपल्याकडे याहून वेगळे काय होते?

तिथून उहुरू पार्क लांब नाही. 'उहुरू' म्हणजे स्वातंत्र्य. १९८९ मध्ये सत्ताधारी पक्षाने या बागेत ६० मजली इमारत बांधायला घेतली होती. झाडे लावणाऱ्या बायकांची 'ग्रीन बेल्ट' चळवळ १९७७ मध्ये सुरू करणाऱ्या वांगारी माथाई यांनी पत्रांमागून पत्रे लिहून हा बेत चव्हाट्यावर आणला. संसदेत त्यांच्या घटस्फोटावरून टवाळी झाली. आफ्रिकी परंपरेतल्या चांगल्या बाईने पुरुषांचा मान राखावा आणि गप्प राहावे, असे खुद्द राष्ट्राध्यक्षांनी सुनावले. वांगारी गप्प राहिल्या नाहीत, परदेशी पैसा मागे हटला, इमारत झाली नाही. आज तिथल्या गवतावर लोक डबे उघडून जेवतात, मुले पळतात, ती बाग एका 'चांगल्या नसलेल्या' बाईने राखली आहे.

याच बागेचा एक कोपरा 'फ्रीडम कॉर्नर' म्हणून ओळखला जातो. २८ फेब्रुवारी १९९२ ला राजबंद्यांच्या म्हाताऱ्या आया मुलांच्या सुटकेसाठी इथे उपोषणाला बसल्या. वांगारी त्यांच्यासोबत होत्या. ३ मार्चला पोलिसांनी अश्रुधूर सोडला, लाठ्या चालवल्या; वांगारी बेशुद्ध पडल्या. तेव्हा काही आयांनी अंगावरची वस्त्रे काढून पोलिसांसमोर उभे राहणे पत्करले. आईच्या वयाच्या बाईने पुरुषासमोर विवस्त्र होणे हा तिथे मोठा शाप समजला जातो. पोलिसांनी तोंडे फिरवली. आया शेजारच्या ऑल सेंट्स कॅथीड्रलमध्ये गेल्या आणि जवळपास वर्षभर तिथून हलल्या नाहीत. १९९३ च्या सुरुवातीपर्यंत बहुतेक सगळे राजबंदी सुटले. जुलै २००४ मध्ये इंफाळला कांगला किल्ल्यासमोर उभ्या राहिलेल्या मणिपुरी आया आठवल्याशिवाय मला त्या कोपऱ्यातून पाऊल उचलता आले नाही. बाग २०२१ मध्ये डागडुजीसाठी बंद केली होती, तेव्हा जाण्याआधी उघडी आहे ना याची चौकशी करा. कॅथीड्रल मात्र पाहाच.

आता कपड्यांचा सल्ला. 'तिथे तोकडे कपडे घालू नका' असे सांगतात, आणि त्याला कारण आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये नैरोबीच्या मातातू थांब्यावर एका बाईचे कपडे पुरुषांच्या टोळक्याने फाडले, कारण त्यांच्या मते ते 'नीट' नव्हते. हे खरे आहे. पण त्यापुढचेही खरे आहे, आणि ते कुठल्या माहितीपत्रकात नसते. १७ नोव्हेंबरला शेकडो बायका उहुरू पार्कपासून त्या थांब्यापर्यंत 'माझा पोशाख, माझी निवड' म्हणत चालत गेल्या. वर्ष संपायच्या आत एखाद्याचे कपडे जबरदस्तीने उतरवणे हा कायद्याने स्वतंत्र, कडक शिक्षेचा गुन्हा ठरला. २७ जानेवारी २०२४ ला हजारो बायका बाईपणापायी झालेल्या खुनांविरुद्ध याच शहराच्या रस्त्यावर उतरल्या. मेलेल्या मुली भाड्याच्या खोल्यांवर गेल्याच कशाला, अशी कुजबूज तेव्हा चालू होती. तिला त्यांनी दिलेले उत्तर असे होते, की मारणाऱ्याबद्दल बोला.

म्हणजे धोका आहे, आणि त्याच्याशी भिडणाऱ्या बायकाही आहेत. सल्ला देणारे पहिले सांगतात, दुसरे गाळतात. मग उरते ती फक्त आफ्रिकेची भीती. या भीतीला रंग आहे, हेही बोललेच पाहिजे. 'तिथले लोक' म्हणताना आपला आवाज कसा बदलतो ते ऐका. ज्या बंगळुरात 'डॉन'ची बैठक झाली, त्याच शहरात ३१ जानेवारी २०१६ ला टांझानियाच्या एका विद्यार्थिनीला जमावाने गाठून मारले, तिचे कपडे फाडले, असे तिने तक्रारीत सांगितले. एका सुदानी विद्यार्थ्याच्या गाडीने अपघात झाला होता. तिचा त्याच्याशी संबंध नव्हता, कातडीचा रंग तेवढा सारखा. तिच्या देशातल्या आयांनी भारताबद्दल मुलींना कोणती यादी द्यावी?

सावधगिरीला माझा विरोध नाही. ती उपयोगी पडणारी असावी, एवढेच माझे म्हणणे. म्हणून ही माझी यादी.

जाण्याआधी: जानेवारी २०२४ पासून केनियाने व्हिसा बंद करून इंटरनेटवरून आगाऊ प्रवास-परवानगी घेण्याची पद्धत आणली आहे. अर्ज स्वतः भरा, कठीण नाही, पण निदान आठवडाभर आधी. पीतज्वराची लस सरकारमान्य केंद्रावर प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्या आणि कार्ड जपा. ते नसेल तर परतताना आपलेच सरकार सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकते. लस एकदा घेतली की पुन्हा लागत नाही. नैरोबी समुद्रसपाटीपासून सुमारे १,७०० मीटर उंच आहे. जून ते ऑगस्ट स्वेटर लागतो. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर ऑगस्ट २०१७ पासून बंदी आहे, कापडी पिशव्या न्या. सॅनिटरी पॅडचा साठा वाहून नेण्याची गरज नाही, तिथे दुकानोदुकानी मिळतात. केनियाने पॅडवरचा कर २००४ मध्येच काढला. आपल्याला त्यासाठी जुलै २०१८ पर्यंत भांडावे लागले.

राहणे आणि फिरणे: दारावर चोवीस तास माणूस असेल अशी जागा निवडा, स्वस्तातली एकांतातली खोली नको. मातातूत दिवसा बिनधास्त बसा. भाडे आधी विचारा, कारण गर्दीच्या वेळी आणि पावसात ते चढते. खिडकीशी बसून फोन हातात धरू नका, बाहेरून हिसकावतात. अंधार पडल्यावर मोबाइलवरून बोलावलेली टॅक्सी बरी. नैरोबीच्या बायकाही हेच करतात. खरे तर सोपा नियम असा, की तिथली नोकरी करणारी बाई जे करते ते करा. पैशांचे व्यवहार २००७ पासून एम-पेसा या मोबाइल सेवेने होतात, भाजीवालीसुद्धा फोनवर पैसे घेते. पासपोर्ट दाखवून सिमकार्ड घेतले की आपल्यालाही ती वापरता येते. लैंगिक हिंसेबाबत मदतीसाठी ११९५ हा निःशुल्क क्रमांक लिहून ठेवा. लोकांचे फोटो विचारून काढा, सरकारी इमारतींचे काढू नका.

खाणे आणि बोलणे: शाकाहारी बाई उपाशी राहत नाही. चपाती हा शब्द आणि पदार्थ दोन्ही तिथे आहेत. सुकुमा विकी ही पालेभाजी, मका आणि घेवड्याचे गिथेरी, उगाली, सगळे साध्या खाणावळीत मिळते. स्वाहिलीत बहिणीला 'दादा', थोरल्या भावाला 'काका' आणि आईला 'मामा' म्हणतात. आपली सगळी नाती उलटीपालटी! रस्त्यावर कोणी 'दादा' म्हणून हाक मारली तर ती तुम्हालाच. भाजीवालीला 'मामा म्बोगा' म्हणतात. तिच्याशी दोन शब्द बोला. वाट, भाडे, कुठला कोपरा टाळायचा, हे तिच्याइतके नेमके कुणीच सांगत नाही.

आणि प्राणी? जरूर पाहा. शहराला खेटून राष्ट्रीय उद्यान आहे, १९४६ पासूनचे. गवतात गेंडा आणि मागे उंच इमारती, असे दृश्य दुसरीकडे क्वचितच दिसेल. पण एक सकाळ करुरा जंगलासाठी ठेवा. ही सुमारे १,००० हेक्टरची वनजमीन सत्ताधाऱ्यांच्या मर्जीतल्या बांधकामवाल्यांना वाटून टाकली जात होती. जानेवारी १९९९ मध्ये वांगारी आणि त्यांचे सोबती तिथे झाडे लावायला गेले, तेव्हा भाडोत्री गुंडांनी त्यांची डोकी फोडली. जंगल मात्र वाचले. पुढे कितीतरी वर्षे लुटारूंच्या भीतीने तिथे कोणी जात नसे. मग कुंपण झाले, आसपासच्या वस्त्यांतले लोक राखणीला आले, आणि आज बायका तिथे एकट्या धावतात, सायकली चालवतात. बायकांना जंगलात येऊ नका असे न सांगता जंगल येण्याजोगे केले, की काय होते ते इथे दिसते. प्रवेशासाठी रोख पैसे चालतीलच असे नाही, एम-पेसा असू द्या.

एक 'नको' मात्र माझेही आहे. किबेरासारख्या झोपडवस्तीत गरिबी पाहण्याच्या सहली नेतात, त्यात जाऊ नका. परदेशी पाहुणे जथ्याने धारावी बघायला येतात तेव्हा आपल्याला काय वाटते ते आठवा. तिथल्या बायकांच्या संघटनेशी आधी बोलणे झाले असेल, त्यांनी बोलावले असेल, तर गोष्ट वेगळी.

आपल्यापैकी पुष्कळजणींना उभ्या आयुष्यात एखाददुसराच परदेश प्रवास घडतो. तोही पैसे साठवून, घरच्यांची समजूत घालून. तो जीपच्या काचेआडून करण्यात काय अर्थ आहे? गटाने जा, सावध राहा, आणि तिथल्या मामांना, दादांना विचारत पायी फिरा. परत आल्यावर आपल्या गावात, आपल्या शहरात शिकायला आलेल्या आफ्रिकी मुलीला घरी जेवायला बोलवा. तिलाही कुणीतरी मोठी 'नको'ची यादी देऊनच इकडे पाठवले असेल.