हाडाची जात



या अंकाला कविता देणार होतो. देत नाही. आधी एक भांडण मिटवायचंय. बाहेरच्याशी नाही, आपल्याच पोरांशी.

परवा रात्रपाळी करून खोलीवर आलो तर मंडळातला एक दोस्त पायरीवर बसलेला. हातात पोस्टरचा मजकूर. १४ एप्रिलला धाराशिवात भिंतीभिंतीवर लावायचा म्हणाला. वर कवटीचं चित्र. खाली ठळक अक्षरात, की नर्मदेकाठचा बुटका आदिमानव तोच आपला बाप, आपण वेगळ्या जातीचे, वेगळ्या रक्ताचे, ते नंतर आले. मी म्हणालो, हे लागणार नाही. तो म्हणाला, तू भटाळलास. तोंडाला तोंड लागलं. चहा तसाच राहिला.

मी नववी नापास. गिरणीत रिंगफ्रेमवर तुटलेलं सूत सांधणारा. विज्ञान वाचलं ते ग्रंथालयातल्या जुन्या मासिकांत, नाहीतर पाळी सुटल्यावर मोबाईलवर. पण सांधा कुठं कच्चा आहे ते बोटाला कळतं. या पोस्टरचे सगळे सांधे कच्चे आहेत.

५ डिसेंबर १९८२ ला मध्य प्रदेशात, सिहोर जिल्ह्यातल्या हथनोरा गावाजवळ नर्मदेच्या गाळात एका माणसाच्या कवटीचा वरचा भाग सापडला. शोधणारे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले अरुण सोनकिया. १९८४ साली त्यांनी तिचं बारसं केलं, होमो इरेक्टस नर्मदेन्सिस. पुढं १९९१ साली अमेरिकेतल्या केनेथ केनेडींनी तीच कवटी पुन्हा मोजली. सोनकियाही त्यांच्या सोबत होते. निघालं असं की ही इरेक्टस नव्हे, आपल्याच सेपियनची जुनी पायरी. म्हणजे ज्यानं नाव दिलं तोच ते नाव तपासायला पुन्हा बसला. आपल्यातला कुठला पुढारी असं करतो सांगा.

मग मानवशास्त्र सर्वेक्षणाचे अनेकराम सांख्यान यांना त्याच भागात गळ्याजवळची हाडं मिळाली. हसळीचं हाड आखूड, बारीक. १९९७ साली त्यांनी ते छापलं. पुढं एक बरगडीही आली. त्यांचं म्हणणं, नर्मदेवर एक बुटक्या अंगाचा माणूसही राहत होता. असेल. पण कवटी एकाची, हसळी कुणाची? वय किती, तेही भांडणातच आहे. एवढ्याशा हाडावर आमचा दोस्त अख्खा समाज उभा करायला निघाला.

बुटकं हाड सापडलं की वेगळी जात सिद्ध होत नाही, हे जगानं दोनदा बघितलंय. इंडोनेशियात फ्लोरेस बेटावर, लियांग बुआ गुहेत २००३ साली एका बाईचा सांगाडा निघाला. उंची जेमतेम एक मीटर. मेंदू चारशे घनसेंटीमीटरच्या आसपास, आपल्या मेंदूच्या तिसऱ्या हिश्शाएवढा. पीटर ब्राऊन आणि माईक मॉरवूड यांच्या लोकांनी २००४ साली लिहिलं, ही वेगळी जात, होमो फ्लोरेसिएन्सिस. तिथलेच म्हातारे तज्ज्ञ तेउकू जेकब म्हणाले, छे, हा आजारी बुटका माणूस, मेंदू खुरटलेला. आणि पुरावा म्हणून गुहेजवळच्या रामपासासा गावातली बुटकी माणसं उभी करून मोजली! जिवंत माणसं. शेतावर राबणारी. त्यांच्या बोडख्यावर टेप.

ते भांडण आरडाओरड्यानं मिटलं नाही. २००७ साली मनगटाची हाडं तपासली, ती आपल्यासारखी नव्हती, फार जुन्या वळणाची होती. मग त्याच बेटावर माता मेंगे इथं सात लाख वर्षांपूर्वीची तशीच लहान हाडं मिळाली, २०१६ साली ती छापून आली. सात लाख वर्षं कुणी एकाच आजारानं आजारी राहत नाही. आता बहुतेक शास्त्रज्ञ वेगळी जात मानतात. पण २०१८ साली रामपासासाच्या लोकांचा डीएनए बघितला, तर त्यात त्या गुहेतल्या माणसाचा मागमूस नाही. त्यांची उंची त्यांच्याच वाटेनं कमी झालेली. शेजारी राहिले, बुटके निघाले, म्हणून वारस झाले नाहीत.

दुसरी गोष्ट पलाऊ बेटांची. २००८ साली ली बर्गर यांनी तिथल्या गुहांतली लहान हाडं दाखवून खळबळ उडवली. त्याच वर्षी दुसऱ्यांनी त्याच बेटांवरच्या जुन्या स्मशानातली हाडं काढून दाखवली की ही साधी माणसंच होती, अंगानं बारीक एवढंच. तेव्हा लांबी-रुंदी एकटी काही बोलत नाही. मनगट बोलतं, दात बोलतात, थर बोलतो, आणि सगळे मिळून बोलले तरच ऐकायचं.

आता माझ्या उंचीचं. भरतीला गेलो होतो तेव्हा पट्टीखाली उभं केलं आणि दोन बोटं कमी म्हणून हाकललं. गिरणीत आलो तर जॉबर म्हणाला, बुटकं आहे, डॉफिंगला घाला, वाकायला बरं. माझा बाप बहात्तरच्या दुष्काळात जन्मला, आजी खडी फोडत होती, सुकडी आणि मिलोवर. तेरणेकाठच्या आमच्या वस्तीत अंगणवाडीताई आजही पोरांची उंची वहीत लिहिते. ती उंची कुठल्या आदिमानवाची म्हणून लिहायची? भुकेची आहे ती. पोस्टरवाल्या, तू माझ्या आजीची भूक पुसून तिथं रक्त लिहितोस.

टेप घेऊन आपल्या दारात याआधीही लोक आलेत. रिस्ले नावाचा साहेब नाकं मोजायचा. नाक जितकं रुंद तितकी जात खाली, असा त्याचा हिशेब. बाबासाहेबांनी १९४८ साली 'द अनटचेबल्स'मध्ये घुर्यांनी दिलेली नाकांची कोष्टकं घेऊन तो हिशेब उलटा केला. ब्राह्मण आर्य असेल तर अस्पृश्यही आर्य, तो द्रविड असेल तर हाही द्रविड, अशी मापं सांगतात, हे दाखवलं. त्याआधी १९३६ साली, जात म्हणजे वंशांची विभागणी नव्हे हे मांडताना, त्यांनी अख्ख्या हिंदू समाजालाच खुज्या, खुरटलेल्या अंगाचा म्हटलं होतं. रक्तशुद्धीच्या बाता मारणाऱ्यांना आरसा दाखवला होता. आणि आपण? बापानं फेकून दिलेली फुटपट्टी उचलून छातीला लावतोय.

इरावती कर्वे बर्लिनला गेल्या तेव्हा गुरू होता ऑयगेन फिशर, वंशशुद्धीवाला. गोऱ्याची कवटी दोन बाजूंनी असमान, म्हणून तो अकलेनं वरचा, असं निघावं ही त्याची इच्छा. बाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि तसं निघत नाही असं त्याच्या तोंडावर लिहून दिलं. (पुढं इकडं येऊन त्यांनी जातीजातींची मापं घेतलीच. तो राग वेगळा, पुन्हा कधी.)

घोळ शब्दातही आहे. शाळेच्या पुस्तकात प्राण्यांची उतरंड असते ना, कुल, प्रजाती आणि सगळ्यात खाली जाती. वाघाची जाती वेगळी, बिबट्याची वेगळी. त्याच शब्दानं आपल्याला पाण्यावरून हाकललं. इंग्रजीत दोन शब्द आहेत, आपल्याकडं एकच, आणि मनुवाल्यांना तेच पाहिजे होतं, की माणसामाणसांतला फरक वाघ-बिबट्याएवढा वाटावा. २०१३ साली हैदराबादच्या सीसीएमबी आणि हार्वर्डच्या लोकांनी रक्त तपासून सांगितलं की सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वी इथले जवळजवळ सगळे गट एकमेकांत मिसळले, आणि मग मिसळणं थांबलं. थांबलं कशानं? आपसातच लग्न लावायच्या सक्तीनं. बाबासाहेबांनी तेच १९१६ साली कोलंबियात मांडलं होतं, रक्ताची एक बाटली न तपासता.

कवटीचं चित्र ठेवायचं तर ठेवा, माझी हरकत नाही. खाली लिहा, हथनोरा, ५ डिसेंबर १९८२. आणि त्याखाली आपल्या वस्तीतल्या पोरांची अंगणवाडीच्या वहीतली उंची, वजन, एकेकाचं. नाव नको, आकडाच लिहा.

दोस्त अजून रुसलाय. गुरुवारी माझी सुट्टी आहे. त्यानं यावं, राहिलेला चहा पाजतो, आणि वही घेऊन वस्तीत जाऊ.