वाहिन्यांची आळी

पुण्यात पुस्तकं घ्यायची म्हटलं की आपण अप्पा बळवंत चौकात जातो. एका दुकानात नाही मिळालं तर शेजारच्या दुकानात मिळतं, म्हणून. आता अशी कल्पना करा, की हा सगळा चौक एकाच मालकाचा आहे. त्यातलं एक दुकानही त्याचंच आहे. आणि त्या दुकानाशी थेट स्पर्धा करणाऱ्या माणसाला त्यानं जागा दिली आहे, पण हडपसरला. वर म्हणतो, "दुकान बंद थोडंच केलंय? ज्याला हवं असेल तो येईल की तिकडे."

अमेरिकेत ब्लूमबर्ग आणि कॉमकास्ट यांच्यात जे भांडण झालं ते जवळजवळ हेच.

जानेवारी २०११ मध्ये कॉमकास्टला, म्हणजे तेव्हाच्या इथल्या सर्वात मोठ्या केबल कंपनीला, एनबीसी युनिव्हर्सल ताब्यात घ्यायची सरकारी परवानगी मिळाली. एनबीसीबरोबर सीएनबीसी ही शेअरबाजाराची वाहिनीही आली. ब्लूमबर्ग टीव्ही तिची प्रतिस्पर्धी. घरोघरी जाणारी तार कॉमकास्टची, तारेवरची एक वाहिनीही कॉमकास्टची, मग दुसरीला कोणता क्रमांक मिळणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. म्हणून एफसीसीनं (हे साधारण आपल्या 'ट्राय'चं थोरलं भावंड) परवानगी देतानाच एक अट घातली. बातम्यांच्या वाहिन्या जिथे शेजारी शेजारी मांडल्या असतील, तिथे स्वतंत्र मालकीच्या बातम्यांच्या वाहिन्यांनाही त्याच शेजारात जागा द्यायची.

सहा महिन्यांच्या आत, जून २०११ मध्ये, ब्लूमबर्ग तक्रार घेऊन हजर. मग 'शेजार' म्हणजे काय यावर इथल्या महागड्या वकिलांनी जो खल केला त्यापुढे आपल्याकडचे बांधावरचे खटले फिके पडावेत. कॉमकास्टचं म्हणणं, ओळीनं चार वाहिन्या आल्या म्हणून काही शेजार होत नाही आणि अट आहे ती पुढे नवा शेजार वसवला तर. ब्लूमबर्गचं म्हणणं, शेजार आहे आणि आजच आहे. मे २०१२ मध्ये निकाल ब्लूमबर्गच्या बाजूनं लागला: लागोपाठच्या पाच क्रमांकांत चार बातम्यांच्या वाहिन्या असतील तर तो शेजार. त्यावर अपील, आणि शेवटचा शिक्का बसला सप्टेंबर २०१३ मध्ये. सव्वादोन वर्षं गेली.

इंजिनिअर म्हणून मला या प्रकरणाची गंमत वाटते. अ‍ॅनालॉग केबलच्या काळात वाहिनीचा क्रमांक ही खरोखरची जागा होती. एकेका वाहिनीला सहा मेगाहर्ट्झचा पट्टा, आणि जुन्या टीव्हीच्या गोल खटक्यावर २ ते १३ एवढेच आकडे. जागा मोजकी, म्हणून भांडण खरं. आपल्याकडच्या वाचकांना 'प्राइम बँड' आठवत असेल. त्यात नसलेली वाहिनी कित्येक जुन्या टीव्हींवर मुंग्यांसकट दिसायची किंवा दिसायचीच नाही. डिजिटल डब्यात मात्र क्रमांक म्हणजे एका तक्त्यातली नोंद. वाहिनी तारेतून कुठूनही येवो, डबा तक्ता बघतो आणि दाखवतो. मग तो आकडा बदलायला अडचण कसली? कंपनी म्हणते, एकाला आत घ्यायचं तर दुसऱ्याला उठवावं लागतं आणि लोकांना क्रमांक पाठ असतात, त्यांचा गोंधळ होतो. हे खोटं नाही. पण लोकांच्या पाठांतराला जर एवढं मोल असेल, तर कोणता आकडा कोणाला मिळतो हेच मोलाचं, आणि ते ठरवणारा स्वतः स्पर्धेत उतरलेला नसावा.

याच मालकाशी टेनिस चॅनेलचं भांडण झालं, ते क्रमांकाचं नव्हतं, माळ्याचं होतं. कॉमकास्टनं टेनिस चॅनेलला वेगळे पैसे भरून घ्यायच्या खेळांच्या पुडक्यात ठेवलं आणि स्वतःच्या गोल्फ चॅनेल आणि व्हर्सस या वाहिन्या मात्र सर्वसाधारण पुडक्यात. टेनिसवाल्यांनी जानेवारी २०१० मध्ये तक्रार केली. जुलै २०१२ मध्ये एफसीसीनं ३ विरुद्ध २ मतांनी त्यांना न्याय दिला. मे २०१३ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयानं तो निकाल फिरवला. कारण काय, तर टेनिस जास्त घरांत नेल्यानं कॉमकास्टला फायदा झाला असता असा पुरावा नाही. तर्क स्वच्छ आहे आणि मला तो मुळीच पटत नाही. फळी ज्याच्या मालकीची, त्याच्या वहीत प्रतिस्पर्ध्याचा माल पुढे मांडणं कधी फायद्याचं निघेल?

हे दुखणं जुनं आहे. १९९६ मध्ये फॉक्स न्यूज सुरू झाली तेव्हा न्यूयॉर्कमध्ये टाइम वॉर्नर केबलनं तिला जागा नाकारली. टाइम वॉर्नरनं त्याच ऑक्टोबरात सीएनएन विकत घेतलं होतं, हा अर्थात योगायोग! महापौर गिलियानी फॉक्सच्या मदतीला धावले आणि महापालिकेची स्वतःची वाहिनी द्यायला निघाले. मर्डोक यांचं न्यूयॉर्क पोस्ट गिलियानींचं पाठीराखं होतं आणि महापौरांच्या तेव्हाच्या पत्नी फॉक्सच्याच स्थानिक केंद्रावर नोकरीला. न्यायालयानं महापौरांना थांबवलं आणि १९९७ च्या जुलैमध्ये दोन शेठजींनी आपसात मिटवून टाकलं. यात धुतल्या तांदळाचं कोणीच नव्हतं.

जागेची किंमत किती ते अल जझीराला विचारावं. २०१३ च्या जानेवारीत त्यांनी अल गोर यांची करंट टीव्ही घेतली. किंमत ५० कोटी डॉलर असल्याचं तेव्हा छापून आलं. करंटचे कार्यक्रम कोणाला हवे होते? हवी होती घराघरांतली जागा. विक्रीची बातमी येताच टाइम वॉर्नर केबलनं ती वाहिनी काढून टाकली. पुढे ती परत घेतली खरी, पण अल जझीरा अमेरिका एप्रिल २०१६ मध्ये बंद पडली.

"तुमच्या अमेरिकेत बरं, खुली स्पर्धा आणि कडक नियम," असं मला सुट्टीत भेटणारे लोक म्हणतात. ब्लूमबर्गला वाचवणारी अट हा देशाचा नियम नव्हताच. तो एका सौद्याचा हप्ता होता, एकाच कंपनीला लागू, मुदत सात वर्षं. जानेवारी २०१८ मध्ये ती संपली. शिवाय अशी तक्रार वाहिनीनं किंवा केबलवाल्यानं करायची; महिन्याचं बिल भरणाऱ्या प्रेक्षकाला त्यात उभं राहायलाही जागा नाही.

याउलट आपल्या ट्रायनं २०१७ मध्ये सरळ सगळ्यांनाच बांधणारा नियम केला: एका प्रकारच्या वाहिन्या ओळीनं एकत्र आणि एक वाहिनी एकाच ठिकाणी. वाहून नेण्याच्या शुल्कालाही कमाल मर्यादा, साध्या वाहिनीला दर ग्राहकामागे महिन्याला २० पैसे. २०२० मध्ये त्यात भाषेची भर पडली, म्हणजे मराठी बातम्या मराठी बातम्यांशेजारी. कागदावर आपण इथे अमेरिकेच्या पुढे आहोत, हे आपल्याकडे फारसं कोणी सांगत नाही. अर्थात पळवाट शोधण्यातही आपण मागे नाही. डबा चालू केल्यावर आपोआप दिसणारी पहिली वाहिनी, म्हणजे लँडिंग पेज, पैसे मोजून मिळवायची युक्ती निघाली. ट्रायनं २०१८ मध्ये मनाई केली, ती टीडीसॅटनं २०१९ मध्ये रद्द केली.

आणि आता तर तारच सुटत चालली आहे. २०२५ च्या ३० ऑक्टोबरपासून १४ नोव्हेंबरपर्यंत डिस्नी आणि यूट्यूब टीव्ही यांच्या भांडणात ईएसपीएन गायब होती. केबलवाल्यांना बांधणारे वाहिनीभेदाचे १९९२ चे नियम इंटरनेटवरून वाहिन्या विकणाऱ्यांना लागू नाहीत. तिथे क्रमांकच नसतात. असतात पडद्यावरच्या चौकटी आणि रिमोटवरची बटणं, आणि दोन्ही विकली जातात.

गेल्या खेपेला घरी गेलो तेव्हा नव्या टीव्हीच्या रिमोटवर अशी चार बटणं होती, चारही मोठ्या कंपन्यांची. आई त्यांना हात लावत नाही. मालिकेची वेळ झाली की केबलच्या डब्याचा दुसरा रिमोट उचलते आणि पाठ असलेले तीन आकडे दाबते.