विश्लेषण : वैमानिकाचा परवाना मिळाला, पण नोकरी कधी?

धाराशिव शहराजवळ एमआयडीसीने उभारलेला विमानतळ आहे. २००९ मध्ये नांदेड, लातूर, बारामती आणि यवतमाळसोबत तो रिलायन्स समूहाकडे भाडेपट्ट्याने गेला, पण नियमित प्रवासी विमान तिथून सुरू झाले नाही. जिल्ह्यातल्या माणसाला विमान पकडायचे तर आजही सोलापूर, पुणे किंवा हैदराबाद गाठावे लागते. तरीही बारावीचा निकाल लागला की ‘दोन वर्षांत पायलट’ अशा जाहिराती इथल्या मोबाइलवरही पोहोचतात. ही दोन वर्षे खरी किती?

जाहिरातीतली दोन वर्षे कशाची?

ती परवान्याची असतात, नोकरीची नव्हे. व्यावसायिक वैमानिक परवान्यासाठी, म्हणजे सीपीएलसाठी, वय किमान १८ आणि उड्डाणाचे २०० तास लागतात. डीजीसीएच्या लेखी परीक्षांत हवाई दिशादर्शन, हवामान, नियम आणि विमानाचे तंत्र असे विषय असतात आणि उत्तीर्ण होण्यासाठी ७० टक्के गुण हवेत. त्याशिवाय रेडिओ संभाषणाचा परवाना आणि वर्ग १ ची वैद्यकीय तपासणी. शेवटची गोष्ट सर्वात आधी करून घ्यावी. दहा लाख भरून झाल्यावर डोळ्यांतला किंवा हृदयातला दोष कळण्यात काही अर्थ नाही.

२०० तासांना इतका वेळ का लागतो?

महिन्याला २५ तास मिळाले तर आठ महिने पुरतात. दहाच तास मिळाले तर वीस महिने लागतात. सगळा खेळ या एका आकड्याचा आहे. महाराष्ट्रात जून ते सप्टेंबर ढग आणि पावसामुळे शिकाऊ उड्डाणे कमी होतात. उरलेल्या महिन्यांत विमान दुरुस्तीला जाते, प्रशिक्षक नोकरी बदलतो, धावपट्टी दुसऱ्या विमानांसाठी मोकळी ठेवावी लागते. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामतीत काही दिवसांच्या अंतराने प्रशिक्षणाची दोन विमाने कोसळली आणि डीजीसीएने संबंधित संस्थेचे प्रशिक्षण थांबवले. अशा वेळी विद्यार्थ्याचे तासही थांबतात, वसतिगृहाचा खर्च थांबत नाही. परदेशात तास लवकर पूर्ण होतात, पण परतल्यावर तो परवाना भारतीय परवान्यात बदलून घेण्यात पुन्हा काही महिने जातात.

परवाना हातात आल्यावर?

जाहिरात इथे संपते आणि खरी प्रतीक्षा इथे सुरू होते. २०० तासांतले बहुतेक तास लहान, एका इंजिनाच्या विमानावर झालेले असतात. प्रवासी विमान उडवण्यासाठी त्या विशिष्ट विमानाचे टाइप रेटिंग लागते. सोलापूरहून गोव्याला जाणारे विमान एटीआर ७२ आहे, तर मुंबई-पुण्याहून उडणाऱ्यांत ए३२० जातीची विमाने सर्वाधिक. एकाचे रेटिंग दुसऱ्याला चालत नाही. सिम्युलेटरवरचे हे प्रशिक्षण साधारण दोन-तीन महिन्यांचे असते आणि खर्च पुन्हा काही लाखांचा. त्यानंतर भरतीची जाहिरात निघण्याची वाट, लेखी चाचणी, मानसशास्त्रीय चाचणी, सिम्युलेटरवरची परीक्षा आणि मुलाखत. निवड झाली तरी प्रत्यक्ष मार्गावर अनुभवी कॅप्टनसोबत काही महिने उडावे लागते. तेव्हा कुठे सहवैमानिक.

सगळे जमून आले तर बारावीपासून तीन वर्षे, एरवी चार ते पाच. कॅप्टन होणे आणखी दूर, कारण त्या परवान्यालाच किमान १५०० तास लागतात.

वैमानिकांचा तुटवडा आहे ना?

आहे, पण तो वेगळ्या पातळीवर आहे. ड्युटीच्या वेळांचे नवे नियम लागू झाल्यावर डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली. हे पाहून कुणालाही वाटेल की नवे वैमानिक तातडीने हवे आहेत. मात्र कंपनीला कॅप्टन आणि रेटिंग असलेले, लगेच उडवू शकणारे वैमानिक हवे असतात. सीपीएलधारक त्या रांगेत बराच मागे उभा असतो. डीजीसीएने २०२१ मध्ये ८६२, २०२२ मध्ये ११६५ आणि २०२३ मध्ये १६२२ परवाने दिले. रांग लांबली. त्यात मोठ्या कंपन्या स्वतःच्या कॅडेट योजनांतून मुले घेतात, ज्यांचे शुल्क कोटीच्या घरात जाते. जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये, तर गो फर्स्ट मे २०२३ मध्ये जमिनीवर आली, तेव्हा हजारो तासांचा अनुभव असलेले वैमानिक याच बाजारात उतरले. म्हणजे परवाना कोणत्या वर्षी हातात आला, हा नशिबाचाही भाग आहे. काही जण या काळात प्रशिक्षक होऊन तास वाढवतात. हा मार्ग चांगला आहे, पण त्यालाही वेगळी पात्रता लागते.

घराच्या हिशेबात याचा अर्थ काय?

समजा ६० लाखांचे कर्ज, साडेदहा टक्के व्याज आणि दहा वर्षांची मुदत. हप्ता सुमारे ८१ हजार रुपये. अभ्यासक्रम संपल्यावर साधारण सहा महिने ते वर्षभराने तो सुरू होतो, मग नोकरी लागलेली असो वा नसो. सोयाबीनवर चालणाऱ्या घराला हा हप्ता झेपणारा नाही, आणि शेतजमीन तारण घ्यायला बँका सहसा तयार नसतात. मग राहते घर किंवा नातेवाइकाचा प्लॉट पुढे येतो. म्हणून कर्ज काढताना परवान्यानंतरच्या दीड-दोन वर्षांची तरतूद त्यातच मोजायला हवी. शुल्क तेवढे जमले म्हणून नाव नोंदवणे हा या वाटेवरचा सर्वात महाग निर्णय ठरू शकतो. इतर मागास, भटक्या-विमुक्त प्रवर्गातल्या मुलांनी ‘महाज्योती’च्या वैमानिक प्रशिक्षण योजनेवर लक्ष ठेवावे, जागा मोजक्या असतात.

संस्था निवडताना एक नवे साधन हाताशी आले आहे. डीजीसीएने १ ऑक्टोबर २०२५ रोजी उड्डाण प्रशिक्षण संस्थांची पहिली क्रमवारी जाहीर केली. ३५ संस्थांपैकी वरच्या दोन श्रेणींत एकही बसली नाही. १३ ‘अ’ श्रेणीत, २२ ‘ब’ श्रेणीत. ती यादी पाहून मगच प्रवेशाला जावे आणि तिथे तीन गोष्टी लेखी मागाव्यात : आज उडण्याजोगी विमाने किती, त्यांवर विद्यार्थी किती, आणि मागच्या तुकडीला २०० तासांसाठी किती महिने लागले.