काडतुसाचा हिशोब लागतो, जखमेचा का लागू नये?

पोलिसांच्या शस्त्रागारातील प्रत्येक काडतुसाचा हिशोब शासन ठेवते. किती दिली, किती झाडली, किती परत आली, याची नोंद होते. रिकामी पुंगळीदेखील जमा करावी लागते. काडतूस ही शासनाची मालमत्ता आहे. परंतु त्याच शासनाचा सेवक मोर्चातील शेतमजुराच्या पाठीवर लाठी चालवतो, तेव्हा ती कोणाच्या आदेशाने चालली, आधी इशारा दिला होता काय, किती डोकी फुटली, हा हिशोब नागरिकाच्या हाती पडत नाही. जखम ही शासनाची मालमत्ता नव्हे, एवढाच या दोहोंतील फरक!

दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात दोन शब्द छापून येतात: ‘सौम्य लाठीमार’. हा सौम्यपणा कोणी मोजला? ज्याने लाठी चालवली त्याने. ज्याच्या पाठीवर ती पडली, त्याला या मोजमापात स्थान नाही.

महाराष्ट्राचा अनुभव या बाबतीत तोकडा नाही. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात, विधानभवनाच्या परिसरात, लाठीमारानंतरच्या चेंगराचेंगरीत ११४ गोवारी मृत्युमुखी पडले. ११ जुलै १९९७ रोजी मुंबईच्या रमाबाई आंबेडकर नगरात गोळीबाराने १० बळी घेतले. गोळीबाराचा आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याला शिक्षा व्हायला २००९ साल उजाडले. ९ ऑगस्ट २०११ रोजी मावळात पवनेच्या बंद जलवाहिनीला विरोध करणारे तिघे ठार झाले. या प्रत्येक वेळी चौकशी आयोग नेमला गेला. आयोग हा मृतांच्या वाट्याला येणारा उपाय आहे. ज्याचा हात मोडला, ज्या वृद्धेला फरफटत गाडीत घातले, त्यांच्यासाठी कोणी आयोग नेमत नाही. १ सप्टेंबर २०२३ रोजी जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटी येथे लाठीमार झाला, तेव्हा आदेश कोणाचा, या एकाच प्रश्नावर राज्यभर वाद माजला. ज्या प्रश्नाचे उत्तर नोंदवहीच्या एका पानावर असावयास हवे, त्यावर नेत्यांनी सभा गाजवाव्यात, ही कारभाराची नाचक्की होय.

कारण आदेश कोणाचा, हे गूढ राहू नये अशीच कायद्याची रचना आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे १४८ वे कलम, आणि त्यापूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे १२९ वे, बेकायदा जमावाला पांगण्याचा हुकूम कोण देऊ शकतो हे सांगते: कार्यकारी दंडाधिकारी, ठाणे अंमलदार, अथवा त्याच्या अनुपस्थितीत किमान उपनिरीक्षक दर्जाचा अधिकारी. हुकूम आधी, बळ नंतर. म्हणजे प्रत्येक लाठीमारामागे हुकूम देणारा एक ओळखता येणारा अधिकारी असलाच पाहिजे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ चे चौथे कलम त्याहून पुढे जाते. निर्णयाची झळ ज्यांना पोचली, त्यांना त्या निर्णयाची कारणे द्यावीत, असे ते सार्वजनिक प्राधिकरणाला बजावते. लाठी खाणाऱ्याहून अधिक झळ कोणाला पोचते?

तरीही अर्ज केला की ठरलेली उत्तरे येतात. पहिले उत्तर, ‘तपास सुरू आहे’. परंतु तपास चालू असणे एवढेच कारण नकारास पुरेसे नाही. माहिती दिल्याने तपासात अडथळा कसा येईल ते दाखवावे लागते, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ सालीच भगत सिंग प्रकरणात सांगितले आहे. दुसरे उत्तर, ‘ही वैयक्तिक माहिती आहे’. या उत्तराला बळ मिळाले ते विदर्भातूनच गेलेल्या एका प्रकरणाने. अकोल्याच्या भविष्यनिर्वाह निधी कार्यालयातील एका अधिकाऱ्याविषयीच्या या गिरीश देशपांडे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली कर्मचाऱ्याची ज्ञापने, नोटिसा व शिक्षा यांना खासगी ठरवले. त्यावर कळस म्हणून नोव्हेंबर २०२५ पासून विदासंरक्षण कायद्याने माहिती अधिकाराच्या आठव्या कलमातील वैयक्तिक माहितीची तरतूद बदलली, आणि सार्वजनिक कार्याशी संबंधित माहितीला त्या तरतुदीत जे संरक्षण होते ते काढून घेतले. मात्र सार्वजनिक हित अधिक मोठे असल्यास माहिती देता येते, हे त्याच कलमातील दुसरे पोटकलम आजही शाबूत आहे. आणि गणवेशात, पगारावर, भर रस्त्यात चालवलेली लाठी ही कोणाची खासगी बाब असूच शकत नाही.

पोलिसांची बाजूही ऐकली पाहिजे. मनुष्यबळ अपुरे, बंदोबस्त बारा-बारा तासांचा, जमावातून दगड येतात, शिपायांचीही डोकी फुटतात. हे सारे खरे आहे. परंतु हा युक्तिवाद नोंदी उघड करण्याच्या विरोधात जात नाही, बाजूनेच जातो. शिपाई हा बहुधा शेतकऱ्याचाच मुलगा. प्रकरण अंगाशी आले की निलंबन त्याच्या वाट्याला येते आणि हुकूम देणारा नामानिराळा राहतो. दगड आधी आला असेल तर तेही नोंदीतूनच सिद्ध होईल. नोंद उघडी असली तर शिपायालाही न्याय मिळेल. ती झाकलेली राहण्यात लाभ केवळ वरिष्ठांचा आहे.

आता या माहितीची खरी किंमत पाहू. अर्जाचे शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास तेही माफ. मुदत ३० दिवस. जीविताचा वा स्वातंत्र्याचा प्रश्न असल्यास ४८ तास. कागदावर याहून स्वस्त न्याय नाही. परंतु उमरखेडच्या मजुराला उत्तर मिळाले नाही तर पहिले अपील, आणि तेथेही दाद न लागल्यास दुसरे अपील माहिती आयोगाच्या अमरावती खंडपीठापुढे. २०२४ साली राज्याच्या आयोगापुढे एक लाखाहून अधिक प्रकरणे तुंबली होती. पोलीस ठाण्यातील कॅमेऱ्यांचे चित्रण १८ महिने, निदान वर्षभर तरी जपावे, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये सांगितले. अपील त्याहून अधिक काळ रखडले, तर निकाल हाती येईल तेव्हा चित्रण पुसले गेलेले असेल. विलंब हीच येथे नकाराची सर्वांत सोयीची रीत आहे.

इतरत्र हे बदलले आहे. कॅलिफोर्नियात २०१९ पासून पोलीस गोळीबाराच्या व गंभीर इजेच्या नोंदी जनतेला खुल्या झाल्या. जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर जून २०२० मध्ये न्यूयॉर्क राज्याने पोलिसांच्या शिस्तभंगाच्या नोंदी झाकणारे कलमच रद्द केले. आपल्याकडे मात्र परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये कोठडीत मरण पावलेल्या सोमनाथ सूर्यवंशी यांच्या प्रकरणी नुसता गुन्हा नोंदवला जाण्यासाठी जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला.

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक लाठीमार, अश्रुधूर व गोळीबार यांनंतर हुकूम देणाऱ्याचे नाव व हुद्दा, इशाऱ्याची वेळ, वापरलेले बळ आणि दोन्ही बाजूंच्या जखमींची संख्या पोलीस ठाण्याने कोणी न मागता फलकावर लावावी. तोवर मागावी. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे अर्ज १५० शब्दांचा आणि एकाच विषयाचा. हे चार प्रश्न त्यात सहज बसतात. एकाने मागितले तर ठाण्यात त्याच्याकडे रोखून पाहिले जाते. गावातील पन्नास जणांनी, शेतमजूर संघटनेने, महाविद्यालयीन तरुणांनी तेच मागितले तर कोणाकोणाकडे रोखून पाहणार?

१९३० साली लोकनायक बापूजी अणे यांनी याच यवतमाळ जिल्ह्यात, उमरखेडशेजारच्या पुसद भागात, जंगल सत्याग्रह केला. त्या सत्याग्रहींना कायदा मोडून तुरुंगात जावे लागले. आजच्या नागरिकाला कायदा मोडायचा नाही, तो केवळ वापरायचा आहे. एवढेही त्याच्याकडून झाले नाही, तर लाठीमार सौम्य होता की नव्हता, हे लाठीवालाच ठरवत राहील.