बालाघाटाच्या वाऱ्यात मधपेट्यांना आडोसा हवा

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष,
जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, बीड

विषय : वादळी वारे, अवकाळी पाऊस व गारपीट यांपासून मधपेट्यांचे संरक्षण करणे आणि नुकसानीचा पंचनामा होऊन मदत मिळण्याबाबत.

महोदय,

बालाघाटाच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत, कारण तिथे वारे भरपूर आहे. त्याच पठारावर करडई, सूर्यफूल, तूर आणि फळबागांच्या कडेला शेतकरी मधपेट्या ठेवतात. पवनचक्की लावण्याआधी जागेवरचे वारे मोजले जाते. पेटी मात्र बांधावर, दोन दगडांवर ठेवली जाते आणि झाकणावर तिसरा दगड ठेवला की बंदोबस्त झाला असे मानले जाते. मार्च ते जून या महिन्यांत दुपारनंतर उठणाऱ्या वावटळी आणि वळवाच्या वाऱ्यापुढे हा बंदोबस्त टिकत नाही.

राज्यात मधमाशीपालनाचे प्रशिक्षण आणि पेट्यांचे वाटप खादी व ग्रामोद्योग मंडळ करते. मंडळाचे मध संचालनालय महाबळेश्वरला आहे. त्याच तालुक्यातले मांघर १६ मे २०२२ रोजी देशातले पहिले ‘मधाचे गाव’ झाले. त्या यशाचा बीडच्या मधपाळांनाही अभिमान आहे. पण सह्याद्रीतल्या पेटीला दाट झाडी आणि दऱ्याखोऱ्यांचा नैसर्गिक आडोसा मिळतो. आष्टी, पाटोदा, केज, धारूरच्या उघड्या माळावर तो नाही. म्हणून पेटी तीच असली, तरी इथे ती ठेवण्याची रीत वेगळी हवी.

वाऱ्याने नुकसान कसे होते, हे प्रशासनाने समजून घ्यावे. ताशी २५ किलोमीटरच्या आसपास वारे वाहू लागले की माश्यांची ये-जा मंदावते. मकरंद व पराग येणे घटते आणि साठवलेला मध खर्ची पडू लागतो. मराठवाड्यात उन्हाळ्यात फुलोरा मुळातच कमी असतो. त्यामुळे वसाहत आधीच अशक्त असते.

जोराच्या वाऱ्यात झाकण उडाले तर पाऊस थेट पोळ्यांवर पडतो. अंडी-अळ्यांच्या वाढीसाठी पेटीच्या मध्यभागी ३४ ते ३५ अंश तापमान लागते. ते घसरले की पिलावा गारठून मरतो. पेटीच आडवी झाली तर चौकटी एकमेकींवर आदळतात, मधाने जड झालेली पोळी तुटतात आणि त्यांखाली राणी चिरडू शकते.

राणी गेली की खरा घात होतो. तीन दिवसांच्या आतल्या अळ्या शिल्लक असतील तरच कामकरी माश्या नवी राणी घडवतात. अंड्यापासून राणी बाहेर पडायला साधारण १६ दिवस लागतात. पुढे तिचे मीलन हवेत उडतानाच होते आणि त्यासाठी शांत, उबदार हवा लागते. वादळी दिवस लांबले तर ती बिनमीलनाची राहते आणि वसाहत हळूहळू संपते. त्यात मधपाळाचा पुढचा हंगाम बुडतो, आणि ज्यांच्या सूर्यफुलात, करडईत किंवा कांदा-बियाण्याच्या प्लॉटमध्ये त्या माश्या काम करणार होत्या त्या शेतकऱ्यांनाही झळ बसते.

फेब्रुवारी-मार्च २०१४ ची गारपीट मराठवाडा विसरलेला नाही. ११ फेब्रुवारी २०१८ रोजी पुन्हा गारा पडल्या. अशा वेळी पिकांचे, फळबागांचे, जनावरांचे पंचनामे होतात. मधपेटीला त्या कागदावर रकाना नाही. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचे २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठीचे निकष पाहिले, तर दुधाळ गाय-म्हशीला ३७,५०० रुपये, शेळी-मेंढीला ४,००० रुपये, कोंबडीला १०० रुपये आणि तुतीवरच्या रेशीम शेतीला हेक्टरी ६,००० रुपये असे दर दिसतात. मधमाश्यांच्या वसाहतीचा वेगळा उल्लेख नाही. रेशीम शेतीत नाव कमावलेल्या बीड जिल्ह्यात रेशमाच्या किड्याला जे स्थान मिळाले, ते मधमाशीलाही मिळावे.

पंचनाम्याची रीतही मधपाळाच्या मुळावर येते. पडलेली पेटी काही तासांत उभी केली, पोळी बांधली, राणी सापडली, तर वसाहत वाचू शकते. पण पंचनाम्यासाठी पेटी पडलेल्या स्थितीत ठेवली तर तलाठी येईपर्यंत माश्या उठून जातात. शिवाय मदत सातबाराला जोडलेली असते. फुलोऱ्यामागे पेट्या हलवणारा मधपाळ पुष्कळदा भूमिहीन असतो. पेट्या त्याच्या आणि शेत दुसऱ्याचे, अशी ही स्थिती आहे.

नुकसानीनंतरची मदत अशी अडखळत असली, तरी आधीच पेटीला आडोसा करण्याचे साहित्य गावातच आहे. कापूस वेचून झाल्यावर उरणाऱ्या पऱ्हाट्या आणि तुरीच्या काढणीनंतरच्या तुराट्या यांचा कुड पेट्यांच्या पश्चिम-नैऋत्येला उभारता येतो. हा आडोसा विरळ असणे चांगले. भरीव भिंतीवर आदळलेले वारे पलीकडे भोवरा करते. निम्मे गाळून देणारा कुड मात्र वाऱ्याचा जोर मोडतो. झाडांची रांग आपल्या उंचीच्या सुमारे दहापट अंतरापर्यंत आसरा देते. बांधावर करंज लावला तर आडोसा आणि उन्हाळ्यातला मकरंद, दोन्ही मिळतात.

या परिस्थितीत जिल्ह्यातील मधपाळ व शेतकऱ्यांच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत :

१. वादळी वारे, अवकाळी पाऊस व गारपिटीच्या पंचनाम्यात मधमाश्यांच्या वसाहती व पेट्यांचा स्वतंत्र रकाना ठेवावा आणि मदतीचा दर ठरवण्यासाठी शासनाकडे प्रस्ताव पाठवावा.

२. मधपाळाने काढलेली, स्थळ-वेळेची नोंद असलेली मोबाइल छायाचित्रे पुरावा म्हणून ग्राह्य धरावीत, म्हणजे पेटी तत्काळ उभी करता येईल.

३. सातबाराऐवजी मधपाळांसाठीच्या ‘मधुक्रांती’ पोर्टलवरील नोंदणी आणि जमीनमालकाचे संमतिपत्र पुरेसे मानावे. नोंदणीसाठी तालुकानिहाय शिबिरे घ्यावीत.

४. अनुदानावर दिल्या जाणाऱ्या प्रत्येक पेटीबरोबर बुटका लोखंडी स्टँड, जमिनीत ठोकायच्या खुंट्या आणि पेटी-झाकण एकत्र आवळणारा पट्टा द्यावा.

५. रोजगार हमी योजनेतून बांधावर करंज, बांबू अशा वारारोधक रांगांची लागवड मंजूर करताना मधपेट्या असलेल्या गावांना प्राधान्य द्यावे.

६. अंबाजोगाई व खामगाव येथील कृषी विज्ञान केंद्रांत दरवर्षी फेब्रुवारीत पेट्यांच्या वादळ-सुरक्षेचे प्रात्यक्षिक घ्यावे. हवामान विभागाचा इशारा येताच नोंदणीकृत मधपाळांना लघुसंदेश जावा.

७. मधपेट्यांसाठी विमा योजनेचा प्रस्ताव जिल्ह्यातून जावा. पीक विम्याचा ‘बीड पॅटर्न’ २०२० मध्ये याच जिल्ह्यातून सुरू झाला आणि पुढे राज्याने स्वीकारला. मधमाश्यांच्या विम्यातही बीडने पुढाकार घ्यावा.

यांतील पहिल्या तीन मागण्यांना मुख्यतः प्रशासकीय निर्णय लागतो, मोठा निधी नव्हे. वळवाचा हंगाम सुरू होण्यापूर्वी, मार्चअखेरपर्यंत कृषी, महसूल, वन व ग्रामोद्योग अधिकाऱ्यांची मधपाळांसोबत संयुक्त बैठक बोलवावी आणि या मागण्यांवर लेखी निर्णय कळवावा, ही नम्र विनंती.

आपले विश्वासू,
मधपाळ व शेतकरी, बीड जिल्हा

प्रत माहिती व कार्यवाहीसाठी :
जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी, बीड
जिल्हा ग्रामोद्योग अधिकारी, बीड