अपुऱ्या दिवसांचे बाळ आणि रक्तातील पोटॅशिअम

सातवा महिना भरण्याआधीच प्रसूती होते, बाळाला काचेच्या पेटीत ठेवले जाते आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टर सांगतात, ‘पोटॅशिअम वाढले आहे, इन्सुलिन सुरू करतो.’ बाहेर बसलेल्या आजीला यातला एकच शब्द ओळखीचा असतो. बाळाला जन्मतःच मधुमेह झाला की काय, या शंकेने सारे घर हादरते. ही शंका निराधार आहे.

शरीरातील सुमारे 98 टक्के पोटॅशिअम पेशींच्या आत असते. पेशींच्या आवरणातील सूक्ष्म पंप ते आत ओढून ठेवतात. 28 आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या बाळाचे हे पंप अपक्व असतात. त्यामुळे पहिल्या दोन-तीन दिवसांत पोटॅशिअम रक्तात उतरते आणि कोवळी मूत्रपिंडे ते पुरेसे बाहेर टाकू शकत नाहीत. लघवी होत असतानाही हे घडू शकते. प्रमाण लिटरमागे 6 मिलिइक्विव्हॅलंटच्या वर गेले की डॉक्टर सावध होतात. कारण त्याने हृदयाची लय बिघडू शकते.

मात्र टाच दाबून रक्त घेताना तांबड्या पेशी फुटल्या, तर आकडा खोटाच वाढतो. म्हणून नमुना पुन्हा घेतात आणि ईसीजी पाहतात. ‘इवल्याशा जिवाचे किती रक्त काढता?’ असे म्हणण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे.

उपचारात प्रथम सलाईनमधील पोटॅशिअम बंद करतात. ईसीजी बिघडला असेल तर कॅल्शिअम ग्लुकोनेट देतात. ते पोटॅशिअम घटवत नाही, हृदयाला सांभाळते. इन्सुलिन पोटॅशिअमला पेशींत परत ढकलते. त्याने साखर उतरू नये म्हणून सोबत ग्लुकोज देतात आणि साखर वारंवार तपासतात. साल्ब्युटामॉलची वाफही याच कामी येते. क्वचित रक्तबदल किंवा डायलिसिस करावे लागते.

यात आईचा काही दोष नसतो. गरोदरपणी खाल्लेल्या केळ्यांनी किंवा प्यालेल्या शहाळ्याने हे होत नाही.

आधी करण्याजोगे एक काम मात्र आहे. 24 ते 34 आठवड्यांत वेळेआधी कळा सुरू झाल्या, तर आईला डेक्सामेथासोनची चार इंजेक्शने दर 12 तासांनी देतात. ती बाळाची फुप्फुसे पक्व करतात आणि पोटॅशिअम वाढण्याचा धोकाही कमी करतात. म्हणून ‘पाळी संपवून घरी आल्यावर पाहू’ असे म्हणत तास दवडू नयेत. सांगवीकरांना औंधचे जिल्हा रुग्णालय अगदी जवळ आहे, पिंपरीत यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे. 2011पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी रुग्णालयात प्रसूती आणि आजारी नवजाताचे उपचार विनामूल्य आहेत. पोटात कळ येताच निघावे. पुढचे उपचार त्या वेळेवर अवलंबून असतात.